व्हेनिसमधलं ड्रॅगनचं दालन: भाला, कमरपट्टा, शब्द आणि काटा

ड्रॅगन मारणाऱ्या संत जॉर्जची चित्रं युरोपात इतकी आहेत की कुठल्याही मोठ्या संग्रहालयात दोन-चार सहज भेटतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीत उच्चेल्लोचं आहे, तिंतोरेत्तोचंही आहे. राफाएलची दोन चिमुकली चित्रं पॅरिस आणि वॉशिंग्टनमध्ये वाटली गेली आहेत. पण या कथेचा अर्थ लावायचा असेल, आणि त्यातही तो स्वतःच्या मनाला लावून पाहायचा असेल, तर एका चित्राने भागत नाही. कारण एका चित्रात फक्त भाला खुपसण्याचा क्षण असतो, आणि कथेतला सगळ्यात कमी बोलका क्षण तोच. व्हेनिसमधली स्कुओला दि सान जॉर्जो देल्यी स्क्यावोनी, म्हणजे आज स्थानिक लोक जिला स्कुओला दाल्माता म्हणतात ती जागा, म्हणूनच वेगळी ठरते. एकाच छोट्या दालनात हिंस्र जनावराशी वागण्याच्या चार तऱ्हा ओळीने लावलेल्या दिसतात. जागा, चित्रं आणि पाहणाऱ्याची सोय या तिन्ही अंगांनी हे परीक्षण.

जागा सापडायला कठीण नाही, पण गर्दीच्या वाटेवर नाही. सान झक्कारिया या जलबसच्या थांब्यावर उतरून कास्तेल्लो भागात आत शिरलं की साधारण दहा मिनिटांत कालले देई फुर्लानी ही गल्ली येते. पुलाजवळची कालव्याकाठची पांढऱ्या दगडाची दर्शनी भिंत 1551 ची आहे, आणि जॉर्ज ड्रॅगनला मारतो आहे असं पिएत्रो दा सालोचं उत्थित शिल्प तिच्यावरच आहे. आत जाण्याआधी ते दोन मिनिटं पाहून घ्यावं. रुळलेला साचा तिथे स्वच्छ दिसतो: घोडा, भाला, खाली जनावर. आत चित्रकार व्हित्तोरे कार्पाच्योने या साच्याचं काय केलं ते कळायला हा मूळ साचा डोळ्यात ताजा असलेला बरा.

ही काही सरकारी गॅलरी नाही. स्कुओला म्हणजे धार्मिक मंडळ; दाल्माशियाच्या (मुख्यतः आजच्या क्रोएशियाच्या) किनाऱ्यावरून व्हेनिसला आलेल्या खलाशांनी आणि कारागिरांनी 1451 मध्ये स्थापन केलेलं हे मंडळ आजही चालू आहे. नेपोलियनच्या काळात व्हेनिसमधली बहुतेक अशी मंडळं बंद पडली, हे टिकलं. त्याचा फायदा असा की चित्रं ज्या मंडळासाठी काढली त्याच्याच भिंतीवर आहेत. तोटा असा की मंडळाचे स्वतःचे कार्यक्रम आणि प्रार्थना असतात, त्यामुळे वेळा बदलतात. मोठ्या संग्रहालयासारखं गृहीत धरून संध्याकाळी शेवटच्या अर्ध्या तासात पोचलात तर दार बंद मिळू शकतं. त्या दिवशीची वेळ आधी पाहावी आणि शक्यतो सकाळी जावं. तिकीट लागतं.

आत गेल्यावर पहिली जाणीव होते ती दालनाच्या लहानपणाची. ठेंगणं लाकडी छत, भिंतींना खाली लाकडी तक्तपोशी, आणि तिच्या वर तिन्ही बाजूंनी पट्ट्यासारखी फिरलेली चित्रं. कार्पाच्योने ही नऊ चित्रं 1502 पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत केली. सगळी कॅनव्हासवर आहेत. व्हेनिसच्या दमट, खारट हवेत भिंतीवरचा ओला गिलावा टिकत नाही, म्हणून तिथल्या चित्रकारांनी भित्तिचित्रांऐवजी मोठमोठे कॅनव्हास भिंतीत बसवायची पद्धत धरली. बहुतेक चित्रांची उंची 141 सेंटिमीटर आहे, रुंदी मात्र बदलते. जॉर्ज आणि ड्रॅगनचं चित्र 360 सेंटिमीटर रुंद आहे. एवढं चित्र एका नजरेत घ्यायला निदान त्याच्या रुंदीइतकं मागे सरकावं लागतं, म्हणजे जवळजवळ समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. बहुतेक लोक चित्राच्या थेट खाली उभे राहून मान वर करतात, आणि मग मान दुखते नि फक्त घोड्याचं पोट लक्षात राहतं. छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्यावी. खरा मजकूर जमिनीवरच्या तपशिलात आहे आणि तो उघड्या डोळ्यांना निम्माच लागतो.

सुरुवात डाव्या भिंतीपासून करावी. उजवीकडून घोड्यावर येणारा जॉर्ज, काळं चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण नाही, मोकळे सोनेरी केस. भाला ड्रॅगनच्या तोंडात शिरला आहे. ड्रॅगन मागच्या पायांवर उभा राहिल्यामुळे दोघं जवळपास समोरासमोर आले आहेत. बहुतेक चित्रांत ड्रॅगन टाचेखालचा किडा असतो, इथे तो तोडीस तोड प्रतिस्पर्धी आहे. उजव्या टोकाला हात जोडून उभी असलेली राजकन्या. आणि खाली जमिनीवर अर्धवट खाल्लेली माणसं. एका तरुणीचं अर्धं धड, अंगावर कपडे तसेच. एका तरुणाचं तुटलेलं शरीर. कवट्या, हाडं, साप, बेडूक, सरडे. हे भीतीदायक दिसावं म्हणून घातलेलं सजावटीचं सामान नव्हे. हा हिशेब आहे.

कारण तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने याने संकलित केलेल्या संतचरित्रांत ही कथा हिशेबाच्याच भाषेत येते. लिबियातलं सिलेना नावाचं गाव, तिथल्या तळ्यात ड्रॅगन. त्याला रोज दोन मेंढ्या द्यायच्या. मेंढ्या संपत आल्यावर एक मेंढी आणि एक माणूस. माणूस चिठ्ठी टाकून ठरवायचा. एके दिवशी चिठ्ठी राजकन्येची निघते. म्हणजे जॉर्ज पोचायच्या आधी गावाने ड्रॅगनबरोबर जगण्याची नीट व्यवस्था लावलेली होती! मनाच्या पातळीवर या कथेतलं सगळ्यात खरं वाक्य हेच आहे. आतल्या जनावराशी माणूस सहसा लढत नाही, तो त्याला रतीब घालतो. एखादी भीती, एखादं व्यसन, एखाद्या माणसाविषयीचा जुना राग, यांना रोज थोडं थोडं देत राहिलं की ती तळ्यात पडून राहतात. आधी सहज परवडतं असं दिलं जातं, मग जरा महाग, आणि एक दिवस ज्याच्याशिवाय घर चालत नाही त्याची चिठ्ठी निघते. चित्रातल्या त्या हाडांकडे या नजरेने पाहिलं तर ती रोजच्या रतीबाची पावती वाटते. लढाई पाहायला आलेल्या माणसाने इथे निदान पाच मिनिटं लढाईकडे न पाहता जमिनीकडे पाहावं.

आता भाल्याविषयी. कथेत भाल्याने ड्रॅगन मरत नाही. चित्रकारांनी तो क्षण इतक्या वेळा रंगवला की भाला म्हणजे मृत्यू असं समीकरण झालं. मूळ कथेत भाला फक्त जखमी करतो आणि जनावराला अडवतो. भाला हे लांबून वापरायचं हत्यार. ते जनावर आणि माणूस यांच्यात घोडा आणि दोन-तीन हातांचं अंतर ठेवतं. आतल्या जीवनात या पायरीला अंतर घेणं म्हणावं: जे आपल्याला गिळत होतं ते आता समोर, नजरेच्या टप्प्यात, पण हाताच्या अंतराबाहेर. जाता जाता एक गोष्ट. ग्रीक ‘द्राकोन’ हा शब्द बहुतेक भाषाशास्त्रज्ञ पाहणे या अर्थाच्या धातूशी जोडतात, आणि त्या धातूचा संस्कृतातला भाऊ म्हणजे दृश्. दर्शनातलं आणि ड्रॅगनमधलं मूळ एकच. ड्रॅगन म्हणजे रोखून बघणारा. त्याच्या नजरेला नजर देणं हे लढाईच्या आधीचं काम, आणि कार्पाच्योने दोघांना समोरासमोर आणलं यात त्या जुन्या अर्थाची खूण सापडते, त्याला ती माहीत असो वा नसो.

शेजारचं चित्र बहुतेक लोक भरभर ओलांडतात. ती सगळ्यात मोठी चूक. इथे चौक आहे, मागे घुमटाचं देऊळ, दोन्ही बाजूंना फेटेवाल्यांची गर्दी, वाद्यं, घोडे. मध्ये जॉर्जने तलवार उगारली आहे आणि दुसऱ्या हातात पट्टा आहे. त्या पट्ट्याला ड्रॅगन. कथेनुसार हा राजकन्येचा कमरपट्टा. जॉर्ज तिला सांगतो, न भिता त्याच्या गळ्यात टाक, आणि ती टाकते, आणि ड्रॅगन पाळीव कुत्र्यासारखा तिच्या मागे गावात येतो. आधीच्या चित्रातला राक्षस इथे आक्रसून गेल्यासारखा, पाय पोटाशी घेऊन बसला आहे. दोन चित्रांमध्ये चार वेळा मान फिरवून नुसता आकार ताडून पाहावा.

पट्टा बळीचा आहे, वीराचा नाही. ज्या मुलीला खायला दिलं जाणार होतं तिच्या अंगावरच्या वस्तूने जनावर बांधलं जातं. भाल्याने अंतर मिळतं, पण ताबा मिळतो तो जिला सर्वांत जास्त धोका होता तिच्या हातून. मनाच्या भाषेत, ज्या दुखऱ्या जागेला जनावर रोज खात होतं त्याच जागेकडे त्याला बांधायचा दोर असतो. बाहेरून आणलेली शिस्त, दुसऱ्याने दिलेला उपाय, हे भाल्याचं काम करतात. पट्ट्याचं नाही. लंडनमधल्या उच्चेल्लोच्या चित्रात भाला आणि पट्टा एकाच वेळी दिसतात. राजकन्येच्या हातात पट्टा आहे आणि तरीही जॉर्ज भाला खुपसतोच आहे. तिथे क्रम कळत नाही, गंमत वाटते. इथे दोन स्वतंत्र चित्रं असल्यामुळे मध्ये मोकळी जागा राहते आणि तिच्यात पाहणाऱ्याला विचार करता येतो.

आणि मग तलवार. बांधलेलं, शांत झालेलं जनावर मारायचं कशाला? कथेचं उत्तर चक्क व्यवहारी आहे: सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्या, मग मी याला मारतो. गावकरी कबूल होतात, ड्रॅगन मारला जातो, आणि धड ओढून गावाबाहेर न्यायला बैलांच्या चार जोड्या लागतात. म्हणजे वध हा युद्धाचा शेवट नाही, तो वाटाघाटीचा भाग आहे. तिसऱ्या चित्रात तो बाप्तिस्मा दिसतो, वाजंत्री जोरात, पायऱ्यांवर एक लाल पोपट. ते चित्र प्रसन्न आहे. त्याच्यावर फार वेळ घालवायची गरज नाही.

इथे राजकारणाचा भाग झाकून चालणार नाही. 1500 मध्ये व्हेनिसने ग्रीसमधली कोरोन आणि मोदोन ही ठाणी ऑटोमन तुर्कांच्या हातात घालवली. 1502 मध्ये तिथल्या माजी व्हेनिशियन अधिकाऱ्याने, पाओलो व्हाल्लारेस्सोने, या मंडळाला संत जॉर्जचा अवशेष दिला, आणि त्याच सुमारास चित्रांचं काम सुरू झालं. फेटेवाली गर्दी बाप्तिस्मा घेते हे त्या काळच्या प्रेक्षकाला कुठल्या अर्थाने दिसलं असेल हे सांगायला नको. गंमत म्हणजे कपडे आणि इमारतींसाठी कार्पाच्योने 1486 मध्ये माइन्झला छापलेल्या एका यात्राग्रंथातल्या लाकूडठशांची मदत घेतली. पूर्वेकडचा देश त्याने कागदावरून उभा केला. शत्रूलाच ड्रॅगन ठरवण्याची ही खोड स्टॉकहोममध्ये आणखी ढळढळीत दिसते. तिथल्या मोठ्या चर्चमधलं बर्न्ट नोट्केचं 1489 चं लाकडी जॉर्ज-शिल्प 1471 च्या लढाईतल्या विजयाचं स्मारक आहे, आणि ड्रॅगन म्हणजे डेन्मार्कचं सैन्य. त्या ड्रॅगनच्या अंगावर खऱ्या एल्क हरणाची शिंगं बसवली आहेत. ड्रॅगन मारण्याच्या कथेत नेहमी बिघडतं ते इथेच: आतलं जनावर शेजाऱ्याच्या अंगावर चढवलं की तलवार चालवणं फार सोपं होतं. या चित्रांचा आंतरिक अर्थ लावायचा असेल तर हा बाहेरचा अर्थ आधी ओळखून बाजूला ठेवावा. तो नाहीच असं समजून पुढे गेलात तर तो मागच्या दाराने परत येतो.

वेदीच्या उजव्या बाजूला संत त्रिफॉनचं चित्र आहे. चित्रकलेच्या दृष्टीने ते मालिकेतलं कमकुवत. साहाय्यकांचा हात जास्त असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, आणि चेहऱ्यांचा ताठरपणा पाहता ते पटतं. पण अर्थाच्या दृष्टीने ते सोडू नये. सम्राट गॉर्डियनच्या मुलीला सैतानाने झपाटलं आहे. तिला सोडवायला येतो एक लहान मुलगा. हातात काही नाही, हात जोडलेले. समोर सैतान बसिलिस्कच्या रूपात बसला आहे: चार पायांचा, पंखवाला, आणि अगदीच लहान. नजरेने माणूस मारतो अशी ज्याची ख्याती, तो इथे एखाद्या आज्ञाधारक प्राण्यासारखा दिसतो. मुलीच्या आत असताना जे अदृश्य होतं ते बाहेर आलं, दिसलं, आणि दिसताक्षणी छोटं झालं. इथे हत्यार म्हणजे शब्द. मनातल्या एखाद्या गोष्टीला नाव देता येणं, ती नेमकी काय आहे हे मोठ्याने सांगता येणं, याने ती मरत नाही. पण तिचं मोजमाप कळतं.

उजव्या भिंतीवर संत जेरोम आणि सिंह. हे 1502 चं आहे आणि या दालनातलं सगळ्यात विनोदी चित्र. सिंह मठाच्या आवारात पाहुण्यासारखा शिरतो आणि भिक्खू झगे सावरत पळत सुटले आहेत, अगदी मागे पायऱ्यांपर्यंत. म्हातारा जेरोम मात्र जागेवर उभा. कथा सगळ्यांना माहीत आहे: सिंहाच्या पंजात काटा रुतला होता, जेरोमने काढला. ही चौथी तऱ्हा. इथे जनावर शत्रू नाहीच, ते दुखावलेलं आहे. पळणारे भिक्खू ज्याला ड्रॅगन समजले तो फक्त लंगडत होता.

आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. कालियामर्दनात कृष्ण कालियाला मारत नाही, डोहातून समुद्राकडे जायला लावतो. डोह सुटतो, साप जगतो. उलट वृत्राच्या वधात पाणी मोकळं होतं खरं, पण ऋग्वेदातल्या त्याच सूक्तात, पहिल्या मंडलातल्या बत्तिसाव्या, पुढे असंही येतं की मारल्यावर इंद्राच्याच मनात भीती शिरली आणि तो घाबरलेल्या ससाण्यासारखा नव्याण्णव नद्या ओलांडून गेला. वधानंतरची ही भीती युरोपातल्या चित्रांत जवळजवळ कुठेच दिसत नाही. कार्पाच्योच्याही नाही. एवढ्या विचारी मालिकेत ती एक उणीव राहतेच.

मानसशास्त्रात युंग आणि त्याचा शिष्य एरिख नॉयमान यांनी ड्रॅगनशी लढाई म्हणजे जाणिवेने नेणिवेपासून सुटून उभं राहणं, असा अर्थ लावला. तो उपयोगी आहे, पण डाव्या भिंतीपुरता. आजकाल ‘तुमच्या आतला ड्रॅगन मारा’ असा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो तर त्या भिंतीचाही पहिला तुकडाच घेतो. या दालनात उभं राहून स्वतःपुरता प्रयोग करायचा असेल तर तो असा करावा. मनातली एकच गोष्ट घ्यावी, दोन नकोत. पहिल्या चित्रासमोर फक्त एवढं पाहावं की तिला रोज काय दिलं जातं. दुसऱ्यासमोर, तिला बांधणारा पट्टा कोणाच्या कमरेचा आहे. त्रिफॉनसमोर तिचं नाव एका वाक्यात सांगता येतं का. जेरोमसमोर, तिला कुठे काटा रुतला आहे का. क्रम उलटा केला की घोटाळा होतो. जे जनावर अजून माणसं खातं आहे त्याच्या पंजातला काटा शोधायला गेलात तर हात जातो. आणि जे नुसतं लंगडतं आहे त्याच्यावर भाला घेऊन गेलात तर भिक्खूंसारखी स्वतःचीच फजिती.

मात्र हा क्रम कार्पाच्योने ठरवला असं मानू नये. चित्रं मूळ वरच्या दालनासाठी होती आणि सोळाव्या शतकाच्या मध्यावर इमारतीच्या फेरबदलात खाली आणली गेली असं मानलं जातं. शिवाय जेरोमचं चित्र आधीच्या चित्रांपैकी आहे, जॉर्जची मालिका पूर्ण व्हायला पुढची काही वर्षं गेली. भिंतीवरचा क्रम हा योगायोग आणि सुतारकाम यांचं मिळून झालेलं काम आहे. तो उपयोगी आहे, एवढंच.

कोणासाठी ही जागा नाही ते सांगून टाकावं. व्हेनिसमध्ये एकच दिवस असेल आणि झगमगाट पाहायचा असेल तर इथे निराशा होईल. दालन एकच, वरच्या मजल्यावर पाहण्यासारखं तुलनेने थोडं. मोठ्या गटाने जाऊ नये, दहा माणसं आत असली तरी मागे सरकायला जागा उरत नाही, आणि या चित्रांना मागे सरकणं लागतंच. निदान पाऊण तास हवा. वीस मिनिटांत बाहेर पडणारे लोक फक्त संत ऑगस्टीनच्या चित्रातला, त्याच्या खोलीतला कुत्रा पाहून जातात.

अर्थात तो कुत्राही पाहण्यासारखा आहेच. उजव्या भिंतीच्या शेवटी, बाहेर पडायच्या आधी. ऑगस्टीन जेरोमला पत्र लिहितो आहे, त्याच क्षणी दूर जेरोमचा मृत्यू होतो, खिडकीतून प्रकाश येतो, लेखणी हवेत थबकते. खोलीभर पुस्तकं, वाद्यं, उपकरणं. मधल्या मोकळ्या फरशीवर एक पांढरं, केसाळ, छोटं जनावर बसलं आहे आणि तेही मालक बघतो तिकडेच बघतं आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या या चित्राच्या कच्च्या रेखाटनात त्या जागी कुत्रा नाही, दुसराच कुठला तरी लहान प्राणी आहे. कार्पाच्योने तो बदलला. दुर्बीण असेल तर त्याच्या डोळ्यांवर धरावी.